जुन्या दुनळ्या : हातात कोणत्या द्यायच्या, चालवायला कोणत्या

विषय: क्ले शूटिंगचा दिवस आणि जुन्या बंदुका

नमस्कार मंडळी,

यंदा क्ले शूटिंगला, म्हणजे उडत्या चकत्या टिपायला, तिघाचौघांनी आपापल्या जुन्या इंग्लिश दुनळ्या घेऊन येऊ असं कळवलं आहे. एक लंडनच्या पर्डी घराण्याची, एक वेस्टली रिचर्ड्सची ड्रॉपलॉक (चापाचं यंत्र हाताने सुटं होणारी), बाकी बर्मिंगहॅमच्या साध्या बॉक्सलॉक (यंत्र आत पेटीत बसवलेल्या). सगळ्यांना त्या पाहायच्या आहेत, आणि निम्म्यांना चालवूनही पाहायच्या आहेत. मैदानाची अट अशी: काडतुसात फायबर वॅड (दारू आणि छर्रा यांमधली तंतूंची गुळी), छर्रा जास्तीत जास्त २८ ग्रॅम, साडेसात नंबरचा किंवा त्याहून बारीक. टेबलावर काय ठेवायचं आणि स्टँडवर, म्हणजे बार काढायच्या जागी, काय न्यायचं, हे जाणकारांनी लिहावं.

– कार्यवाह

---

Re: क्ले शूटिंगचा दिवस आणि जुन्या बंदुका

मंडळी,

नक्षी आणि नाव पाहून बंदूक टेबलावर ठेवा. चालवायची की नाही, ते नळ्यांना विचारा. लंडनच्या बड्या घराण्याची बंदूक पातळ नळ्यांमुळे फक्त पाहण्याजोगी उरलेली असते, आणि बर्मिंगहॅमची कुणी न विचारलेली बॉक्सलॉक दिवसभर शंभर बार सुखाने काढते.

आधी फोर-एंड (नळ्यांखालचं लाकूड) काढा, नळ्या उतरवा आणि खालच्या सपाट भागावरचे प्रूफचे, म्हणजे जादा दाबाच्या चाचणीचे, शिक्के वाचा. १९५४ नंतरचा बर्मिंगहॅमचा नायट्रो (आजच्या धूररहित दारूचा) शिक्का म्हणजे मुकुटाखाली बीएनपी, लंडनचा म्हणजे मुकुटाखाली एनपी. शेजारी चेंबरची (नळीत काडतूस बसतं त्या जागेची) लांबी आणि दाब असतो, बहुतेकदा २½ इंच आणि दर चौरस इंचाला ३ टन. त्याआधीच्या बंदुकांवर ‘नायट्रो प्रूफ’ हे शब्द आणि १⅛ औंस अशी छर्‍याची मर्यादा सापडते. नायट्रोचा कुठलाच शिक्का नसेल तर ती काळ्या दारूची बंदूक. ती पाहायची, तिच्यात आजचं काडतूस घालायचं नाही. दमास्कस (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून घडवलेल्या) नळ्या असल्या म्हणजे बाद, हा मात्र गैरसमज आहे. नायट्रो प्रूफ झालेल्या दमास्कस नळ्या कितीतरी आहेत.

शिक्का बंदूक प्रूफला गेली त्या दिवसाचं सांगतो, आजचं नाही. मधल्या काळात कुणी गंजाचे खड्डे घालवायला नळ्या आतून घासल्या असतील, तर बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, वाढलेलं असतं आणि भिंत पातळ झालेली असते. बोअर ब्रीचपासून, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडापासून, ९ इंचांवर मोजतात. भिंतीच्या जाडीसाठी वेगळा गेज लागतो, आणि सगळ्यात पातळ जागा बहुधा नळीच्या पुढच्या भागात, नेमकी डावा हात धरतो तिथे किंवा त्याच्या पुढे निघते. किमान जाडीचा कायदा नाही, पण २० थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे अर्धा मिलिमीटर, याखाली गेलेली नळी मी दुसर्‍याच्या हातात देऊ नये असं म्हणेन. हे मोजमाप गनस्मिथकडून आधी करून आणा. मैदानावर डोळ्यांनी कळत नाही.

डोळ्यांनी आणि कानांनी कळतं ते असं. नळी उजेडाकडे धरून आतली वर्तुळं पाहा. एका बाजूला सावली पडली तर पोचा, पूर्ण गोल काळी कडी दिसली तर फुगवटा. पोचा उचलता येतो, फुगवट्याची बंदूक मात्र त्या दिवशी टेबलावरच. नळ्या खालच्या हुकाला बोट घालून टांगा आणि नखाने टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला पाहिजे. भद्द आवाज आला तर रिब (दोन नळ्या जोडणारी पट्टी) कुठेतरी सुटली आहे. शेवटी नळ्या फोर-एंडशिवाय चढवून बंद करा आणि दोन्ही हातांनी हलवून पाहा. फोर-एंड लावलेला असला की त्याची स्प्रिंग ढिलाई झाकून टाकते, म्हणूनच विकणारा तो काढू देत नाही!

– बर्मिंगहॅमहून

---

Re: Re: क्ले शूटिंगचा दिवस

काका, दोन प्रश्न. एका बंदुकीच्या नळीवर १३ आणि त्याखाली १ असा शिक्का आहे, पण ती १२ बोअर म्हणूनच विकतात. हे कसं? आणि चेंबर २½ इंचाचं असलं तरी ७० मिलिमीटरचं काडतूस आत सहज जातं. मग अडचण काय?

– लेस्टरहून

---

Re: Re: Re: क्ले शूटिंगचा दिवस

चेंबर १२ बोअरचंच आहे. १३/१ हा नळीच्या बोअरचा शिक्का, .७१९ इंच. १२ म्हणजे .७२९. पूर्वीच्या कारागिरांना थोडी घट्ट नळी आवडायची. आता गेज लावल्यावर त्या नळीत .७२९ आलं, तर शिक्क्याच्या पुढच्या मापापर्यंत ती घासली गेली आहे, म्हणजे प्रूफबाहेर. अशी बंदूक विकणं इथे ब्रिटनमध्ये गुन्हा आहे.

काडतुसाचं म्हणशील तर तिथेच लोक फसतात. डब्यावरची लांबी ही बार झाल्यावर उघडलेल्या काडतुसाची असते. मिटलेलं ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरात आरामात मावतं. बार होताना त्याच्या पाकळ्या उलगडतात आणि पुढच्या निमुळत्या भागात शिरतात. वाट अरुंद होते आणि दाब चढतो. बंदूक लगेच फुटेल असं नाही, आणि तेच वाईट. दर बाराला सांधा थोडा थोडा ढिला होत जातो.

त्यामुळे ६५ मिलिमीटर, २४ ग्रॅम, शिशाचा छर्रा, फायबर वॅड. बंदूककार ग्रीनरचा जुना हिशोब बंदुकीचं वजन छर्‍याच्या ९६ पट असावं असा होता. २८ ग्रॅमला पावणेतीन किलोच्या आसपास येतं, बहुतेक दुनळ्या ३ किलोच्या जवळ असतात, म्हणजे तेही चालतं. पण नवख्याच्या खांद्याला आणि शंभर वर्षांच्या लाकडाला २४ बरं. स्टीलचा छर्रा जुन्या पातळ नळ्यांत नको. शिसं चालत नसेल तिथे बिस्मथ वापरा, महाग असला तरी.

आणखी एक, सगळ्यात गंभीर. कुणीही २० बोअरची काडतुसं १२ च्या पिशवीत ठेवायची नाहीत. २० चं बारीक, पिवळं काडतूस १२ च्या चेंबरातून पुढे घसरतं आणि नळीत अडकतं. वरून चेंबर रिकामं दिसतं. त्यामागे १२ चं भरून चाप ओढला की नळी फाटते, डाव्या हाताच्या बोटांजवळ. आपल्याकडे दोन २० बोअर येणार आहेत असं दिसतं. त्यांच्या मालकांनी स्वतःच्या खिशातूनच काडतुसं द्यावीत.

– बर्मिंगहॅमहून

---

Re: हाताळण्याबद्दल

नमस्कार,

काकांनी नळ्यांचं सांगितलं, मी टेबलाचं सांगते.

स्लिपची (बंदुकीच्या पिशवीची) चेन दस्त्याच्या बाजूने उघडा, नळ्यांचं तोंड जमिनीकडे ठेवा आणि बंदूक बाहेर येता येताच सांध्यात वाकवून उघडा. दोन्ही चेंबर रिकामी दाखवा, मगच द्या, उघडीच आणि दस्ता पुढे करून. घेणार्‍याने बंद करण्याआधी मालकाला विचारायचं. बंद करताना नळ्या आपटायच्या नाहीत, दस्ता वर उचलून नळ्यांना मिळवायचा. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढून पाहायची हौस असेल तर आधी स्नॅप कॅप (नकली काडतूस) घाला.

पर्डी बंद करताना जोर लागेल. काही अडकलंय असं वाटून सोडून देऊ नका. १८८० च्या बीस्लीच्या पेटंटवरचं यंत्र आहे ते, मेनस्प्रिंग बंद करताना दाबली जाते आणि त्या जोरावर बंदूक आपणहून उघडते. वेस्टली रिचर्ड्सची लॉकं तळाचं झाकण उघडून हाताने निघतात, १८९७ पासूनची करामत. ती टेबलावर, कापड अंथरून, मालकानेच दाखवावी. गवतावर नको.

नळ्या उतरवलेल्या असताना चापांना कुणी बोट लावू नये. आतले टंबलर (घोडे) पडतात, ते चढवणारे कॉकिंगचे दांडे सरकतात आणि नळ्या परत बसत नाहीत. मग ते दांडे लाकडी कडेवर दाबून पुन्हा कॉक करत बसावं लागतं. फोर-एंडमधल्या इजेक्टरचंही (रिकामं काडतूस बाहेर फेकणार्‍या यंत्राचंही) तसंच.

काय पाहायचं? स्क्रूच्या खाचा. इथले कारागीर त्यांना पिन म्हणतात. चांगल्या बंदुकीत त्या नळ्यांच्या रेषेत उभ्या असतात. वाकड्या किंवा कुरतडलेल्या दिसल्या तर कुणीतरी घरचा स्क्रूड्रायव्हर लावलेला आहे. मग लाकूड धातूला कुठे भेटतं ते पाहा, तिथे नखही जाता कामा नये. पर्डीवर बारीक गुलाब आणि वेलबुट्टी, हॉलंड अँड हॉलंडच्या ‘रॉयल’ बंदुकीवर मोठी, खोल वेल. ब्रीचपासून काही इंचांवर नळीभोवती केसाएवढी रेघ दिसली तर नळ्या स्लीव्ह केलेल्या आहेत, म्हणजे मागचा भाग जुना ठेवून पुढे नव्या नळ्या बसवल्या आहेत. चालवायला उत्तम, किंमत मात्र उतरते.

अंगठ्या, कडी, बांगड्या काढून ठेवा. अक्रोडाच्या पॉलिशवरचा ओरखडा जात नाही. आणि वडे खाऊन थेट टेबलाकडे येऊ नका, हाताच्या मिठाने काळ्या केलेल्या नळीवर रात्रीतून बोटांचे ठसे गंजतात. हलकं तेल लावलेलं फडकं मी ठेवते.

स्टँडवर: पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डावीचा. डावीचा चोक (नळीच्या तोंडाचा निमुळतेपणा) बहुधा घट्ट. लांब जाणार्‍या चकतीला पुढचा मग मागचा, अंगावर येणार्‍या जोडीला उलटं. डावा हात फोर-एंडवर नाही, त्याच्या पुढे नळ्यांवर, म्हणून हँडगार्ड (नळ्यांवर चढवायचं आवरण) घाला. पंचविसाव्या बारानंतर नळ्या चांगल्याच तापतात. सेफ्टीवर विसंबू नका, ती फक्त चाप अडवते. स्वप्नील कुसळेचं पॅरिसचं कांस्य पाहून आलेल्यांना एवढंच, की ती रायफल होती. इथे थांबून नेम धरला की चकती निघून जाते. दोन्ही डोळे उघडे, आणि बार झाल्यावरही नळी फिरत राहू द्या.

– कॉव्हेंट्रीहून

---

Re: परवान्याबद्दल

ताई, पाहुण्यांकडे शॉटगन सर्टिफिकेट नाही. त्यांना चालवता येईल का? आणि शंभर वर्षांची बंदूक अँटिक म्हणून मोकळी नसते का?

– डर्बीहून

---

Re: Re: परवान्याबद्दल

मागून आजचं काडतूस भरायच्या १२ बोअरच्या बंदुकीला वयाने सूट मिळत नाही. ते माप कालबाह्य कॅलिबरांच्या यादीत नाही. सर्टिफिकेट आणि कुलूपबंद कपाट लागतंच.

पाहुण्यांचं सोपं आहे. हे मैदान फायरआर्म्स अॅक्ट १९६८ च्या कलम ११(६) खाली पोलिसांनी मान्य केलेलं आहे, तिथे ठरल्या वेळी चकत्यांवर विनासर्टिफिकेट चालवता येतं. कुणाच्या शेतावर जमलो असतो तर कलम ११अ बघावं लागलं असतं: देणारा सर्टिफिकेटधारक, १८ च्या वरचा, सतत हजर, आणि जागा त्याची नसेल तर मालकाची लेखी परवानगी. तीन महिने किंवा अधिक कैद झालेल्यांना सुटल्यापासून पाच वर्षं, आणि तीन वर्षं किंवा अधिक झालेल्यांना कायमचाच, कुठेही हात लावता येत नाही. पाहुण्यांना हे आधी विचारा, संकोच करू नका. १५ च्या आतल्या मुलांसोबत २१ च्या वरचं कुणीतरी हवं.

– कॉव्हेंट्रीहून

---

Re: क्ले शूटिंगचा दिवस

ठरलं तर. ६५ मिलिमीटर, २४ ग्रॅमची २५० ची पेटी मंडळाकडून, २५ चे दहा डबे. पाऊस आला तर बंदुका ओल्या स्लिपमध्ये घरी नेऊ नका. आधी पुसा, आणि तेल लावल्यावर दोन-तीन दिवस नळ्यांचं तोंड खाली करून उभ्या ठेवा. नाहीतर तेल दस्त्याच्या डोक्यात मुरतं, लाकूड मऊ पडतं आणि ऐन बाराच्या वेळी चिरतं.

ज्यांनी अजून भिंतीची जाडी मोजून घेतलेली नाही त्यांनी या आठवड्यात कळवावं. गनस्मिथकडे सगळ्या एकदम पाठवू.

– कार्यवाह