बाळाला लस टोचताना तुम्ही काय करता?

धायरीची आई:
बुधवारी लेकीची अडीच महिन्यांची लस आहे आणि मला आत्तापासूनच धडकी भरलीय. दीड महिन्याला महापालिकेच्या दवाखान्यात नेलं होतं. टेबलावर आडवं केलं, दोन्ही मांड्यांत एकेक सुई, दंडावर तिसरी. पाय मीच दाबून धरलेले. लालबुंद झाली, रडताना श्वासच घेईना. रात्री ताप, मांडीत टणक गाठ. सासूबाई म्हणतात शेक दे, आई म्हणते हळद लाव, नवरा म्हणतो निघतानाच पॅरासिटामॉल पाजू. कोणाचं ऐकू?

कर्वेनगर, दोन लेकरांची आई:
कोणाचंच नको! अगं, सरकारी तक्त्याप्रमाणे बुधवारी एकच सुई आहे, पेंटाची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीची. बाकी पोलिओचे आणि रोटाचे (जुलाबांवरच्या लसीचे) थेंब. तीन सुया परत साडेतीन महिन्यांना.

टेबलावर ठेवूच देऊ नकोस. सरळ सांग, मांडीवर घेऊन बसते. थेंब आधी पाजून घे, मग पदराखाली घे आणि दूध नीट ओढायला लागली की सुई. झबलं आणि लंगोट एवढंच घाल. मी थोरल्याला बटणांचा घट्ट सूट घालून नेलं होतं, तो काढतानाच त्याने भोकाड पसरलं. आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत राहा. मला ऐनवेळी एक अंगाई आठवेना, म्हणून पाढे म्हटले. तेराच्या पाढ्यात अडकले तोवर सुई झालीसुद्धा. (तेराचा पाढा मला अजून येत नाही.)

निवृत्त परिचारिका, सदाशिव पेठ:
गाठ आपोआप जिरते. शेक नको, हळद नको, चोळणंही नको. पॅरासिटामॉल आधीपासून देऊ नका. ताप आला तर द्या, तेही वजन सांगून डॉक्टरांनी ठरवलेलं. बाटली नीट वाचा. थेंबांच्या बाटलीत बहुधा 1 मिलीत 100 मिलिग्रॅम असतं, सिरपच्या 5 मिलीत 120 किंवा 125. सिरपच्या हिशेबाने थेंब पाजले तर चौपट जातं. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा. सलग तीन तास रडं थांबलं नाही, झटका आला किंवा बाळ मलूल पडलं, तर वाट पाहू नका.

वारज्याचा बाबा:
आमच्याकडे मांडीवर घेऊन बसायचं काम माझं होतं, कारण बायकोला सुई बघवत नाही. मलाही बघवत नाही, पण ते तिला माहीत नव्हतं.

धायरीची आई:
झाली एकदाची. सिस्टर म्हणाल्या, "असं पाजत बसलात तर माझी रांग कधी संपायची?" तरी बसले. सुई गेली तशी तोंड सोडून एकदा किंचाळली, आणि परत दूध ओढायला लागली. नवरा बाहेर रिक्षा थांबवून उभा होता. आतून रडण्याचा आवाज येईना, म्हणून घाबरून तोच धावत आत आला.