घरी मोजलेल्या रक्तदाबाच्या नोंदी फार्मासिस्टना दाखवाव्यात का?

प्रश्न

माझे वडील ६८ वर्षांचे असून कराडला राहतात आणि गेली चार वर्षे रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० ही गोळी घेतात. दवाखान्यात त्यांचा रक्तदाब १३६/८४ च्या आसपास भरतो, पण दोन महिन्यांपूर्वी आणलेल्या यंत्रावर सकाळी वरचा आकडा १५२, १५६, कधी १६० दाखवतो. बाबा तो कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहितात आणि मोठा आला की घाबरून लागोपाठ पाच-सहा वेळा मोजतात. डॉक्टरांची भेट तीन आठवड्यांनी आहे. आमच्या नेहमीच्या मेडिकलमधील फार्मासिस्ट म्हणतात, "यंत्र आणि सगळ्या गोळ्या घेऊन या." तसे करणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १

अवश्य जा. मी स्वतः फार्मासिस्ट असून १९ वर्षे काउंटरवर उभा आहे. सर्वप्रथम यंत्र तपासावे लागते. त्यासाठी त्याच दंडावर एकदा तुमचे आणि एकदा आमचे यंत्र लावून पाहतो. पट्टा दंडाच्या मानाने लहान असेल किंवा सदऱ्याच्या बाहीवरून बांधला असेल, तर आकडा चुकतो. चहा किंवा तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्यावा, लघवीला जाऊन यावे, मग पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे न बोलता बसावे आणि हात छातीच्या उंचीवर टेबलावर ठेवावा. सकाळी गोळीपूर्वी व संध्याकाळी, एका मिनिटाच्या अंतराने दोनदाच मोजावे. सात दिवसांपैकी पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. दवाखान्यात १४०/९० ही मर्यादा धरतात, घरी मात्र १३५/८५.

सगळ्या गोळ्या आणायला सांगण्यामागे मोठे कारण आहे. गुडघेदुखीसाठी घेतलेले डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन रक्तदाब वाढवू शकते, सर्दीच्या काही गोळ्याही वाढवतात, आणि रुग्णाला ही "औषधे" वाटतच नाहीत, म्हणून तो डॉक्टरांना सांगत नाही. मात्र गोळीची मात्रा बदलण्याचा अधिकार आमचा नाही. आकडा १८०/१२० च्या वर जाऊन छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे असे काही झाले, तर मेडिकलमध्ये न येता थेट रुग्णालय गाठा.

प्रतिसाद २

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते, म्हणून एक भर घालते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ४५० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. घरच्या नोंदी दूरध्वनीच्या तारेवरून फार्मासिस्टकडे जात आणि ते रुग्णाशी फोनवर बोलून औषधोपचार ठरवत. सहा महिन्यांनी अशा रुग्णांपैकी सुमारे ७२ टक्क्यांचा रक्तदाब आटोक्यात होता, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांमध्ये सुमारे ४५ टक्क्यांचा. हे यश एकट्या यंत्राचे नव्हते, असे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. तेथे ठरलेल्या चौकटीत मात्रा बदलण्याची मुभा फार्मासिस्टना होती, आपल्याकडे ती नाही. त्यामुळे त्यांनी काढलेली सरासरी आणि गोळ्यांची यादी डॉक्टरांच्या हाती लेखी पडणे इथे अधिकच गरजेचे आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. परवा बाबांना घेऊन गेले होते. दोन यंत्रांत फक्त चार अंकांचा फरक निघाला, पण पट्टा लहान होता. तो बदलून घेतला. "आणखी काही घेता का?" असे विचारल्यावर बाबांनी सदऱ्याच्या खिशातून शेजाऱ्यांनी दिलेली डायक्लोफेनॅकची अर्धी संपलेली पट्टी काढली. फार्मासिस्टनी तिथूनच डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी ती गोळी थांबवायला आणि आठवडाभराच्या नीट नोंदी घेऊन लवकर यायला सांगितले; टेल्मिसार्टनची मात्रा तूर्त तीच आहे. कॅलेंडरऐवजी आता वही केली असून बाबा तिच्यात वेळ आणि कोणता दंड हेही लिहितात. गुडघ्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञांची शुक्रवारची वेळ घेतली आहे.