आठवा महिना : कूस बदलताना जांघेत कळ येते, कोणाला असं झालंय का?

रानजाई

मैत्रिणींनो, 34 वा आठवडा चालू आहे, पहिलीच खेप. ओटीपोटाच्या अगदी खाली, पुढच्या हाडात, दोन्ही जांघांच्या मधोमध दुखतंय. उजवीकडे मागे, कुल्ल्यातही ठणकतं. दिवसा कसंबसं निभतं, पण रात्री कूस बदलायची म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं. कधी कधी हाडात टक् असा आवाजही होतो. काल सलवार घालायला एक पाय उचलला तर अशी कळ आली की कपाटाला धरून उभी राहिले. नवऱ्याला वाटलं, झाल्या कळा सुरू. तो गाडीची किल्ली शोधायला धावला.

मी कराडला एका पतसंस्थेत कॅशला आहे. उंच स्टूल, पाय अधांतरी, पिग्मीवाले आले की सारखी चढउतार. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, संडास भारतीय पद्धतीचा. तपासणीला गेले तेव्हा विचारलं, तर "वजन वाढलंय, दुखणारच, आता थोडेच दिवस" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. सासूबाई मनाने चांगल्या आहेत, पण त्यांचं एकच पालुपद : उकिडवी बसून फरशी पूस, सुखाने मोकळी होशील. एका व्हिडिओत बघून तळपाय जुळवून गुडघे खालीवर करायचा व्यायाम केला, तर दुसऱ्या दिवशी उठवेना.

हे नेहमीचं आहे का? बाळाला काही होत नाही ना? कमरेला बांधायचा पट्टा घेऊ का? आणि यामुळे सिझर करावं लागतं असं ऑफिसातली एकजण म्हणाली, ते खरं?

तिखटमीठ

अगं, माझ्या दुसऱ्या खेपेला मी हेच दुखणं घेऊन डोंबिवलीहून लोकलने जात होते. तेव्हा "दुखणारच" म्हणणाऱ्यांना एकदा लेडीज डब्यात सकाळी साडेआठला चढवायला हवं, असं वाटायचं. असो.

रात्रीचं आधी सांगते, कारण जीव तिथेच जातो. खाली गादी घालून झोपत असशील तर आजपासून पलंग. कूस बदलताना आपण आधी एक पाय टाकतो आणि दुसरा मागून ओढतो, नेमकं तेव्हाच ते हाड पिरगळतं. दोन्ही गुडघे वाकवून एकमेकांना चिकटव, मधे उशी दाबून धर, आणि खांदे, पोट, गुडघे सगळं एकदमच वळव. सुती चादर अंगाला धरून ठेवते, म्हणून माझ्या आईने तिची जुनी सिल्कची साडी घडी करून माझ्या कमरेखाली अंथरली होती. तिच्यावरून अलगद सरकत वळता यायचं. साटीनचा परकर घातला तरी तेच काम होतं. दोन्ही एकदम नको, पलंगाच्या कडेपर्यंत पोचशील! उठतानाही आधी कुशीवर, मग गुडघे जुळवून दोन्ही पाय खाली सोडायचे आणि हातांनी रेटा देऊन बसायचं.

सलवार, चपला, सगळं बसून घालायचं. रिक्षाकडे पाठ करून आधी सीटवर टेकायचं, मग पाय जोडून आत. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी टाकलीस तर फिरणं सोपं जातं, बसल्यावर ती काढून घे. स्कूटर बंद. जिना एकेक पायरीने, कठडा धरून : चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा आधी. आणि दिवसातून एकदाच चढायचं, विसरलेली पर्स आणायला दुसऱ्या कोणाला तरी पाठवायचं. संडासासाठी कमोडची खुर्ची घे. सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळते, काही ठिकाणी भाड्यानेही देतात. उकिडवं बसणं सुटलं तरी अर्धं दुखणं कमी वाटेल.

ऑफिसात पाठ टेकेल अशी, पाय जमिनीला लागतील अशी खुर्ची माग. लाजू नकोस. आणि पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची रजा 2017 पासून आहे, त्यातले 8 आठवडे तारखेच्या आधी घेता येतात. तू 34 व्यात आहेस, म्हणजे आत्ताही निघू शकतेस. मी सगळी रजा नंतरसाठी राखायच्या हट्टाला पेटलेल्या खूप जणी बघितल्यात. ज्याचा त्याचा हिशोब, पण धड चालता येत नसताना कॅश सांभाळणं म्हणजे अतीच.

कृष्णाकाठ

माझं वय झालं, नातवंडं शाळेत जातात. आमच्या काळीही बायकांना हे व्हायचं, फक्त बोलायचं कोणाकडे? माझी थोरली जाऊ नवव्यात भिंतीला हात लावत लावत न्हाणीपर्यंत जायची आणि घरातले म्हणायचे, नखरे करते. त्यामुळे "आम्ही नाही का केलं" यावर फार विश्वास ठेवू नकोस.

सासूबाईंना तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा बसून होणारी कामं मागून घे. भाजी निवड, शेंगा सोल, पण खुर्चीवर बसून. पाटावर मांडी घालून नको. कमरेला कोमट तेल हलक्या हाताने लावलं तर बरं वाटतं. पोट मात्र कोणालाही चोळू द्यायचं नाही, घरात कितीही अनुभवी बाई असली तरी.

फिजिओताई

याला पेल्विक गर्डल पेन म्हणतात. साधारण पाच गरोदर बायकांत एकीला होतं, म्हणजे नेहमीचं आहे. पण नेहमीचं म्हणून सोसायलाच हवं असं नाही. कमरेच्या कड्याला पुढे एक आणि मागे दोन सांधे असतात. गरोदरपणात तिथले बंध सैल होतात. पुढच्या सांध्यातली फट एरवी 4-5 मिलिमीटर असते, ती 2-3 मिलिमीटरने वाढते. मागचे दोन सांधे सारख्याच प्रमाणात हलले नाहीत की एका बाजूला ताण येतो. तुमचं उजवीकडचं ठणकणं त्यातलंच दिसतंय, पण तपासल्याशिवाय नक्की म्हणणार नाही. बाळाला यातून इजा होत नाही.

पाय फाकवणारे व्यायाम, उकिडवं बसणं, पायाने बादली सरकवणं आत्ता बंद. पट्ट्याचा काहींना फार उपयोग होतो, काहींना अजिबात नाही. गरोदर बायकांचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून बसवून घ्या. टॉवेलात गुंडाळलेल्या कोमट पिशवीने कमरेला दहा-पंधरा मिनिटं शेकायला हरकत नाही. पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारून घ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अजिबात नकोत. या दिवसांत त्यांनी बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधी मिटू शकते, गर्भजलही कमी होऊ शकतं. दुखण्यावरची जेलही विचारल्याशिवाय नको.

सिझरचं म्हणाल तर फक्त या दुखण्यामुळे ते लागत नाही. पण प्रसूतीच्या खोलीत कोणी घाईत पाय जोरात फाकवू नयेत म्हणून एक करा : खुर्चीच्या कडेला बसून, दुखायला लागेपर्यंत गुडघे हळूच दूर न्या आणि मधलं अंतर मोजून फाइलवर लिहा. "यापलीकडे पाय ताणू नका" असं आधीच सांगून ठेवा. कुशीवर झोपून किंवा हात-गुडघ्यांवर ओणवं होऊनही प्रसूती होते. तुमच्या ठिकाणी करतात का, ते आत्ताच विचारा.

आणि हे फिजिओकडे नाही, थेट दवाखान्यात न्यायचं : ठरावीक अंतराने पोट कडक होऊन येणारी कळ, रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, ताप किंवा लघवीला जळजळ, एकच पोटरी सुजून दुखणं, मांड्यांमध्ये बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं.

रानजाई

सगळ्यांचे आभार. सिल्कची साडी सासूबाईंनीच काढून दिली, स्वतःच्या लग्नातली! फरशीचा विषय सध्या थंड आहे. कमोडची खुर्ची दुकानातून नवऱ्याने आणली, शेजारचे काका जिन्यात विचारत होते कोण आजारी आहे. गुडघ्यांमधलं अंतर 38 सेंटीमीटर भरलं, फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलंय. रजेचा अर्ज सोमवारी देते. फिजिओची वेळ गुरुवारची मिळाली. पट्टा आणलाय, पण पोट उचलून धरायचं म्हणून मी तो वर लावत होते तर श्वास कोंडायला लागला. कुठे बांधायचा नेमका?

फिजिओताई

खाली, पोटाच्याही खाली. खुब्याच्या बाजूला हात ठेवला की बाहेर आलेलं हाड लागतं, त्या रेषेत कमरेभोवती. पातळ सुती कपड्यावर, दोन बोटं आत जातील एवढाच घट्ट. चालताना, उभं राहताना लावा, झोपताना काढा. पायाला मुंग्या आल्या किंवा दुखणं वाढलं तर लगेच सोडा आणि गुरुवारी बरोबर घेऊन जा, त्या नीट बसवून देतील.