पोळा: तोरण तोडायचा मान वाड्याचाच का?

धुऱ्यावरचा
पोळा तोंडावर आलाय. मारुतीच्या देवळापुढं जोड्या लागतील, झडत्या, म्हणजे पोळ्याची टोमण्यांची गाणी, रंगतील आणि सगळं गाव पाटलाच्या वाड्याकडं डोळे लावून उभं राहील. वाड्याची जोडी आल्याशिवाय तोरण तुटत नाही, पोळा फुटत नाही, म्हणजे जोड्या घरोघर सुटत नाहीत. वंशपरंपरेची पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं गेली, तोरणाखाली मात्र अजून आहे. वाड्याची शेती ट्रॅक्टरवर. गेल्या साली मानाची जोडी भाड्यानं आणलेली! आणि कपाशीत, तुरीत डवरा (कोळपं) ओढणारे, खांदशेकणीला हळद-तूप लावून ज्यांचे खांदे शेकले ते बैल मागं. माझ्या मते मान बैल पाळणाऱ्याला द्यावा, दरसाल वेगळ्या.

वऱ्हाडी गडी
मान काही फुकट नसते भाऊ. तोरन, वाजंत्री, सारा खर्च त्याच घरचा. फिरता मान केला तं पयल्या सालचा कोनाचा? पोया फुटाच्या अदुगर डोके फुटतीन.

धुऱ्यावरचा
वर्गणी करू. गणपतीला जमते, पोळ्याला काहून नाही?

कळंबची सून
मान फिरवायचाच तर आमच्यापर्यंत येऊ द्या. शेती मी पाहते, वैरणपाणी मी करते. आदल्या दिवशी ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ असं बैलांना मीच म्हणते. तोरणाखाली मात्र कासरा दिराच्या हातात, आणि घरोघरचा बोजाराही (ओवाळणीचे पैसेही) त्यालाच. मी दारात ओवाळायला.

वऱ्हाडी गडी
वयनी, बैल बुजतात त्या गर्दीत. वाजंत्री, फटाके… कोनाले लागलं तं?

कळंबची सून
माझे बैल माझ्या आवाजानं थांबतात. दिराच्या हातून दोनदा सुटलेत.

जुना वाडा
मी मानकऱ्याच्या घरातला. जोडी भाड्याची होती, खरं आहे. पण झडत्यांत आम्हालाच सगळ्यांसमोर टोमणे बसतात, आणि ते ऐकून घ्यावे लागतात. हाही त्या मानाचाच भाग. तो कोण घेणार? दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी घेऊन फिरतात, तिथं कुणीच मान मागत नाही. मोठ्यांनाच का हवा असतो, देव जाणे.

धुऱ्यावरचा
मागत नाही, वाटून घेऊ म्हणतो. ज्याच्याकडं सगळ्यात म्हातारा बैल, त्याला मान. तसंही शिंगांवरचं मखर म्हाताऱ्या बैलालाच बांधतात.

वऱ्हाडी गडी
आठी दात येऊन बैल जुयला का मंग दातावरून वय कोन सांगन? सारेच मनतीन, माहाच म्हतारा.

धुऱ्यावरचा
म्हणू द्या. बाजारात नेताना सगळ्यांचेच तरणे असतात.

वऱ्हाडी गडी
ठीक हाय, मांडा ग्रामसभेत. पन वाजंत्रीचे पैसे कोन देते, ते पयले लिवून घ्या.