रेडमंडला ऑफिस, घर कुठे पाहावं? सिॲटल आणि ईस्टसाइड

प्रेषक: अनिकेत
दिनांक: शनिवार, 14 जून 2025
विषय: रेडमंडला ऑफिस, घर कुठे पाहावं?

नमस्कार मंडळी,

जुलैअखेरीस पुण्याहून येतोय. माझं ऑफिस रेडमंडच्या ओव्हरलेक भागात, आठवड्यातून तीन दिवस. बायकोला सिॲटलच्या साउथ लेक युनियन भागात नोकरी मिळण्याची शक्यता आहे. मुलगी मार्चमध्ये पाच वर्षांची झाली, म्हणजे यंदा किंडरगार्टन. पहिला महिना कंपनीचं घर आहे, तेवढ्यात दोन बेडरूमचं भाड्याचं घर ठरवायचंय. गाडी एकच असेल. बेलव्ह्यू, रेडमंड, कर्कलंड, समॅमिश, इसाक्वा, बॉथेल, केंट अशी नावं ऐकतोय. नकाशावर सगळी एकमेकांना चिकटलेली दिसतात. चार शनिवार-रविवार हातात आहेत. फिरायला सुरुवात कुठून करू?

अनिकेत

---

प्रेषक: वंदना
दिनांक: शनिवार, 14 जून 2025
विषय: उत्तर: रेडमंडला ऑफिस, घर कुठे पाहावं?

अनिकेत, फिरायला निघण्याआधी पत्ता वाचायला शीक. इथे नव्या माणसाचे निम्मे घोळ तिथेच होतात.

ॲव्हेन्यू उत्तर-दक्षिण जातात, स्ट्रीट पूर्व-पश्चिम. स्ट्रीटची दिशा आकड्याच्या आधी येते, ॲव्हेन्यूची नंतर. 'नॉर्थईस्ट 8 वी स्ट्रीट' हा बेलव्ह्यू डाउनटाउनचा मुख्य रस्ता, तर '8 वी ॲव्हेन्यू नॉर्थईस्ट' लेक वॉशिंग्टन तळ्यापलीकडे सिॲटलमध्ये. बेलव्ह्यूत मेन स्ट्रीटच्या उत्तरेला नॉर्थईस्ट आणि दक्षिणेला साउथईस्ट. 156 व्या ॲव्हेन्यूच्या नॉर्थईस्ट भागात क्रॉसरोड्स लागतं आणि साउथईस्ट भागात लेक हिल्स. घर दाखवणाऱ्याने शेवटची दोन अक्षरं (NE किंवा SE) गाळली तर तू भलत्याच दारात उभा राहशील. ॲव्हेन्यूचे आकडे सिॲटलपासून पूर्वेकडे वाढत जातात, त्यामुळे 148 वी ॲव्हेन्यू म्हटलं की ते ओव्हरलेकच्या आसपास असणार, हे न बघताही कळतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पत्त्यातलं शहराचं नाव टपालखात्याचं असतं. शाळा कुठली, हे स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागाच्या, हद्दीवर ठरतं आणि त्या हद्दी शहरांच्या हद्दींशी जुळत नाहीत. बेलव्ह्यू पत्त्याचा लेकमॉन्ट आणि कूगर माउंटनकडचा बराच भाग इसाक्वा डिस्ट्रिक्टमध्ये जातो. ओव्हरलेकमध्ये तर रेडमंड शहराच्या हद्दीतली काही घरं बेलव्ह्यू डिस्ट्रिक्टमध्ये आहेत. समॅमिशचा उत्तर भाग लेक वॉशिंग्टन डिस्ट्रिक्टचा. दक्षिणेकडचं क्लाहनी इसाक्वाचं, आणि ते 2016 पर्यंत समॅमिश शहरातही नव्हतं. रेंटन पत्त्याची पूर्वेकडची कितीतरी घरंसुद्धा इसाक्वा डिस्ट्रिक्टमध्ये मोडतात. रेडमंड रिजचा पत्ता रेडमंडचा असला तरी वस्ती शहराबाहेर, काउंटीच्या (जिल्ह्याच्या) अखत्यारीत आहे.

म्हणून जाहिरातीतल्या शाळेच्या नावावर विसंबू नकोस. किंग काउंटीच्या संकेतस्थळावर 'पार्सल व्ह्यूअर' नावाचा नकाशा आहे. पत्ता टाकला की ती जागा कुठल्या शहरात आणि कुठल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये ते दिसतं. मग त्या डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर तोच पत्ता टाकून प्राथमिक शाळा कोणती ते बघ. दोन्ही पडद्यांचे फोटो काढून ठेव. जवळची शाळा भरलेली असेल तर मुलांना शेजारच्या शाळेत पाठवतात, तेव्हा लीजवर सही झाली की त्याच दिवशी नोंदणीला लाग. किंडरगार्टनसाठी 31 ऑगस्टपर्यंत पाच वर्षं पूर्ण हवीत, ते तुमचं झालेलंच आहे.

वंदना

---

प्रेषक: शिरीष
दिनांक: रविवार, 15 जून 2025
विषय: उत्तर: रेडमंडला ऑफिस, घर कुठे पाहावं?

> फिरायला सुरुवात कुठून करू?

साउथ बेलव्ह्यू स्टेशनपासून. तिथे 1,500 गाड्यांचा वाहनतळ आहे, शनिवारी जागेची चिंता नाही. गाडी तिथे लाव आणि लाइट रेलची 2 लाइन पकड. ही लाइन एप्रिल 2024 मध्ये रेडमंड टेक्नॉलॉजीपर्यंत सुरू झाली आणि गेल्याच महिन्यात, 10 मे रोजी, डाउनटाउन रेडमंडपर्यंत पोचली. सध्या, जून 2025 मध्ये, दहा स्टेशनं आहेत, दर दहा मिनिटांनी गाडी. तिकीट कुठूनही कुठे 3 डॉलर, 18 वर्षांपर्यंत फुकट. बस-रेल्वेचं ऑर्का कार्ड घे. पहिल्या टॅपपासून दोन तासांत बस बदलली तर भरलेलं भाडं वळतं होतं.

उतरून बघण्याची स्टेशनं चार. बेलव्ह्यू डाउनटाउनला उंच इमारती, मॉल, मोठं ग्रंथालय, सगळं चालत. भाडं ईस्टसाइडवर (म्हणजे तळ्याच्या पूर्वेच्या शहरांत) सगळ्यांत चढं. स्प्रिंग डिस्ट्रिक्ट म्हणजे जुन्या गोदामांच्या जागेवर उभी राहिलेली संपूर्ण नवी वस्ती: इमारती चकचकीत, पण रोजच्या किराण्याला एकदोन स्टेशनं पुढे-मागे जावं लागतं. ओव्हरलेक व्हिलेजला उतरून 152 व्या ॲव्हेन्यूने चाल. देशी किराणा, जुन्या दुमजली अपार्टमेंट आणि नव्या सहामजली इमारती शेजारी-शेजारी आहेत. तुझ्या गरजेला मला हाच भाग सगळ्यांत चपखल वाटतो: ऑफिस एका स्टेशनवर आणि बायकोकडे गाडी मोकळी. शेवटी डाउनटाउन रेडमंड. मेरीमूर पार्क आणि समॅमिश नदीकाठची वाट तिथून पायी गाठता येते, आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन राहायला सपाट रस्ते फार कामाचे. परतताना रॅपिडराइड बी बसने ये. ती रेडमंडहून ओव्हरलेक, क्रॉसरोड्स करत बेलव्ह्यूला येते. क्रॉसरोड्सला उतर, तिथल्या मॉलमध्ये दहा देशांचं जेवण एका छताखाली मिळतं, आणि आजूबाजूला जुनी पण ऐसपैस, तुलनेने स्वस्त अपार्टमेंट बरीच आहेत.

आता तळ्याचं. सिॲटल आणि ईस्टसाइडच्या मध्ये लेक वॉशिंग्टन आहे आणि ओलांडायला दोनच वाटा: 520 आणि आय-90. दोन्ही तरंगते पूल. 520 ला दोन्ही दिशांनी टोल, वेळेनुसार बदलता. टोलचा 'गुड टु गो' पास नसेल तर नंबरप्लेटचा फोटो निघून घरी बिल येतं आणि प्रत्येक खेपेला 2 डॉलर जास्त लागतात. भाड्याची गाडी असेल तर त्या कंपनीचं शुल्क वर. आय-90 ला टोल नाही, पण रेडमंडहून तो वळसा आहे. शनिवार-रविवारी कामासाठी 520 अनेकदा पूर्ण बंद असतो आणि मग आय-90 तुंबतो, तेव्हा निघण्याआधी राज्याच्या वाहतूक खात्याचं ॲप बघायचंच.

2 लाइनचा आय-90 पुलावरचा भाग जून 2025 पर्यंत सुरू झालेला नाही. रुळांखालचे काँक्रीटचे आधार सदोष निघाले, ते पुन्हा करावे लागले, म्हणून तो मागे पडला. तोवर साउथ लेक युनियनला जायचं तर रेडमंडहून 545 बस 520 वरून डाउनटाउनला जाते, किंवा बेलव्ह्यूहून 550 आय-90 वरून. कर्कलंड सुंदर आहे, तळ्याकाठचं डाउनटाउन नक्की बघ, पण लाइट रेल तिथे नाही. एका गाडीत दोघांच्या दोन दिशा सांभाळायच्या असतील तर मी ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन.

शिरीष

---

प्रेषक: मृणाल
दिनांक: रविवार, 15 जून 2025
विषय: उत्तर: रेडमंडला ऑफिस, घर कुठे पाहावं?

शिरीषदादा, सगळं ईस्टसाइडच सांगितलंत. साउथ लेक युनियनची नोकरी पक्की झाली तर रोज तळं ओलांडणार ती, आणि अनिकेत आठवड्यातून तीनच दिवस. अशा वेळी सिॲटलचा यू डिस्ट्रिक्ट आणि रूझवेल्ट हा पट्टा डोळ्यांआड करू नये. सिॲटलमधल्या लाइट रेलच्या 1 लाइनने तिला वेस्टलेक, तिथून स्ट्रीटकार किंवा पंधरा-वीस मिनिटं चालत. अनिकेतला यू डिस्ट्रिक्टहून 542 बस थेट 520 वरून रेडमंडला. दोघेही उलट्या दिशांना जातात आणि गाडी दारात राहते.

बघायला जाल तेव्हा एक पूर्ण रविवार शहराला द्या. सकाळी बॅलर्डचा शेतकरी बाजार. तो बारा महिने दर रविवारी भरतो. तिथून बॅलर्ड लॉक्सला पायी जाता येतं. 1917 मध्ये सुरू झालेल्या या जलपाशांतून खाऱ्या पाण्यातल्या बोटी तळ्याच्या पातळीला चढवतात आणि शेजारच्या काचेतून उन्हाळ्यात सामन मासे शिडी चढताना दिसतात. मुलीला नक्की दाखवा. बॅलर्ड 1907 पर्यंत स्वतंत्र शहर होतं, त्याचा मुख्य रस्ता अजून तसा वाटतो. तिथे लाइट रेल नाही, पण 40 नंबरची बस फ्रीमाँटवरून थेट साउथ लेक युनियनला येते. मधला फ्रीमाँटचा पूल बोटींसाठी उघडतो. कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी बहुतेक बोटींना थांबवतात, दुपारी मात्र बस अडकते.

दक्षिणेला कोलंबिया सिटी आणि बीकन हिल. दोन्हींना 1 लाइनचं स्टेशन आहे, वस्ती मिश्र, खाण्यापिण्याची चंगळ, भाडं उत्तरेपेक्षा बरं. बीकन हिल विमानांच्या वाटेखाली येतं. घर बघताना अंगणात दहा मिनिटं गप्प उभं राहा, सहन होतं की नाही ते तिथेच समजेल. शहरातल्या मोठ्या इमारतींत पार्किंगचं भाडं घरभाड्यात धरलेलं नसतं, आकडा वेगळा विचारा.

मृणाल

---

प्रेषक: अनिकेत
दिनांक: सोमवार, 16 जून 2025
विषय: उत्तर: रेडमंडला ऑफिस, घर कुठे पाहावं?

वंदनाताई, शिरीषदादा, मृणालताई, मनापासून आभार. दोन प्रश्न राहिले. बॉथेल आणि केंटमध्ये त्याच भाड्यात मोठं घर दिसतंय, ते बघायचं का? समॅमिश-इसाक्वाबद्दल कुणी बोललं नाही. आणि प्रत्यक्ष घरात गेल्यावर काय तपासू?

अनिकेत

---

प्रेषक: शिरीष
दिनांक: सोमवार, 16 जून 2025
विषय: उत्तर: रेडमंडला ऑफिस, घर कुठे पाहावं?

बॉथेल दोन काउंट्यांत विभागलंय. दक्षिण बाजू किंग, उत्तर बाजू स्नोहोमिश. वंदनाने सांगितलेला पार्सल व्ह्यूअर किंग काउंटीपुरताच चालतो. उत्तरेच्या घरासाठी स्नोहोमिशचा वेगळा नकाशा आहे. शाळा बहुतांशी नॉर्थशोर डिस्ट्रिक्ट, पण मिल क्रीककडे बॉथेलच्याच पत्त्यावर एव्हरेट डिस्ट्रिक्टही लागतं. खरी अडचण आय-405 महामार्गाची. 522 महामार्गाच्या उत्तरेला टोलची एक्स्प्रेस लेन एकच उरते, त्यामुळे संध्याकाळी घरी जाताना नेमकी तिथेच कोंडी होते. घर आवडलं तर मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी पाच वाजता ऑफिसपासून तिथपर्यंत एकदा गाडी चालवून बघ. रविवारी दुपारी नकाशा जी वेळ दाखवतो ती तुझ्या कामाची नाही. एक्स्प्रेस लेनसाठी 'गुड टु गो'चा फ्लेक्स पास घ्यावा लागतो, आणि गर्दीच्या वेळी तीन माणसं असतील तरच ती फुकट. पासावरची खिटी सरकवायला विसरलास तर तिघं असूनही टोल कापला जातो.

केंटला पंजाबी वस्ती मोठी, किराणा उत्तम. खालची व्हॅली म्हणजे गोदामं आणि मालगाड्या, रात्री भोंगे ऐकू येतात. राहायला ईस्ट हिल बरं. साउंडर रेल्वेने सिॲटल सोपं, पण ती मुख्यतः कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच. ओव्हरलेकला मात्र 167 महामार्ग आणि रेंटनच्या वळणांवरून 405, रोज. तुझ्यासाठी नको.

समॅमिश डोंगरावर आहे. शाळा उत्तम, शांतता आहे, पण बस नावापुरती आणि उतरायचे रस्ते मोजके. थोडा बर्फ पडला तरी उतार बंद होतात. इसाक्वा हायलँड्सला वर पार्क अँड राइड (गाडी लावून बस पकडायची जागा) आणि 554 बस आहे, म्हणून त्यातल्या त्यात सोयीचं. नोव्हेंबर 2024 च्या वादळात या सगळ्या झाडीच्या टेकड्यांवर कित्येक घरांत काही दिवस वीज नव्हती. एका गाडीवर पहिलं वर्ष तिथे काढू नये, असं माझं स्पष्ट मत.

शिरीष

---

प्रेषक: वंदना
दिनांक: मंगळवार, 17 जून 2025
विषय: उत्तर: रेडमंडला ऑफिस, घर कुठे पाहावं?

> प्रत्यक्ष घरात गेल्यावर काय तपासू?

खिडक्या आधी. सरकत्या खिडकीची खालची खाच उघडून बोट फिरव. काळे ठिपके लागले तर हिवाळ्यात काचेवर पाणी साचतं आणि बुरशी धरते. तळमजला, उत्तरेकडे तोंड आणि बाहेर शेवाळलेली भिंत, असं एकत्र आलं तर घर सोडून दे. बाथरूमचा पंखा चालू करून त्याला टिश्यूचा तुकडा लाव. चिकटून राहिला तर पंखा हवा ओढतोय. आपल्या फोडणीसाठी हेच स्वयंपाकघरात बघ: शेगडीवरची चिमणी हवा बाहेर सोडते की गाळून परत खोलीतच, ते विचार. जुन्या इमारतींत बहुधा दुसरंच असतं.

हीटर भिंतीच्या पायथ्याशी लांब पट्टीसारखा असेल तर तो विजेचा बेसबोर्ड, हिवाळ्याचं बिल चढं येतं. नव्या इमारतींत हीट पंप असतो, तोच उन्हाळ्यात गारवा देतो. एसी नसलेली अपार्टमेंट इथे सर्रास आहेत, आणि जून 2021 मध्ये विमानतळावर पारा 42 अंशांपर्यंत गेला होता. पश्चिमेकडे मोठ्या काचा आणि एसी नाही, असं वरच्या मजल्यावरचं घर घेऊ नकोस. भाड्याखेरीज पाणी, सांडपाणी, कचरा आणि पार्किंग यांचं महिन्याला काय लागतं, ते ईमेलवर लिहून माग.

लीज सही करताना दोन नियम लक्षात ठेव. मेपासून लागू झालेल्या राज्याच्या नव्या कायद्याप्रमाणे पहिले बारा महिने भाडं वाढवता येत नाही. पुढे वर्षाची वाढ 7 टक्के अधिक महागाईचा दर, किंवा 10 टक्के, यांतलं जे कमी त्यापर्यंतच, आणि त्यासाठी 90 दिवसांची लेखी सूचना लागते. पण बारा वर्षांच्या आतल्या नव्या इमारतींना ही टक्केवारीची मर्यादा नाही. स्प्रिंग डिस्ट्रिक्ट आणि डाउनटाउन रेडमंडमधल्या कितीतरी इमारती त्यात येतात. इमारत वापरात कधी आली, ते विचारूनच सही कर.

दुसरं डिपॉझिटचं. घराची स्थिती नोंदवणारी यादी लेखी हवी आणि त्यावर दोघांच्या सह्या हव्यात. त्याशिवाय घरमालकाला डिपॉझिट घेता येत नाही. यादी कोरी ठेवून नुसती सही करू नकोस. गालिच्यावरचा डाग, ओट्याची चीर, पडद्याची तुटलेली पट्टी, सगळं त्यात लिही आणि चाव्या मिळाल्या त्या दिवशीच फोटो इमारतीच्या ऑफिसला ईमेल कर. घर सोडल्यावर 30 दिवसांत डिपॉझिट किंवा कपातीचा तपशीलवार हिशोब द्यावा लागतो. तो पाठवायला नवा पत्ता लेखी देऊन ठेवायचा.

वंदना