देकार्तचा संशय रोजच्या निर्णयांना लावावा का?

प्रश्न
ज्या मताविषयी शंकेला किंचितही जागा आहे ते तूर्त असत्य मानून बाजूला ठेवावे, ही फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तची १६४१ सालच्या ‘चिंतने’ या ग्रंथातील पद्धत वाचताना फार पटते. परंतु नोकरी बदलावी का, एखाद्याच्या शब्दावर विसंबावे का, अशा प्रश्नांना ती लावली तर निर्णय होतच नाही, कारण तेथे निःसंशय असे काहीच हाती लागत नाही. ही पद्धत व्यवहारात वापरण्याची काही रीत आहे का?

प्रतिसाद १
ती व्यवहारासाठी नाही, आणि हे देकार्तनेच सांगून ठेवले आहे. आपला प्रश्न कृतीचा नसून ज्ञानाचा आहे, असे तो पहिल्याच चिंतनात बजावतो. त्याआधी १६३७ मध्ये, पद्धतीविषयीच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात, त्याने संशयाच्या काळात जगण्यासाठी एक तात्पुरती नीती आखली होती. तिचा दुसरा नियम तुमच्या कामाचा आहे: मत संशयास्पद असले तरी एकदा स्वीकारल्यावर ते निश्चित असल्यासारखे दृढतेने पाळावे. अरण्यात वाट चुकलेल्याने इकडेतिकडे भटकू नये, एकाच दिशेने चालत राहावे, म्हणजे इच्छित स्थळी नाही तरी अरण्याबाहेर कोठेतरी तो पोहोचतो.

प्रतिसाद २
नियम आकर्षक आहे, पण दृढता आणि हट्ट यांतील सीमा तो दाखवत नाही. शिवाय माणूस केवळ दिशा ठरवून थांबत नाही. ती चुकली तर काय, या पश्चात्तापाची भीतीही त्याला असते. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने देकार्तला पत्रांतून नेमके येथेच गाठले. इष्ट गोष्टींचे मूल्य अचूक ठरवायचे तर अनंत ज्ञान लागेल, असे तिने १६४५ मध्ये त्याला लिहिले. त्याच वर्षी देकार्तनेही तिला लिहिले होते की बुद्धी कधीच चुकू नये अशी अट नाही. जे उत्तम वाटले ते करण्यात आपण कसूर केली नाही, अशी मनाची साक्ष असली की पुरे. माझ्या मते हे उत्तर अरण्याच्या दाखल्यापेक्षा कितीतरी प्रौढ आहे, आणि ते एलिझाबेथच्या चिकाटीमुळे मिळाले. तिला केवळ पत्रमैत्रीण समजणारे हे विसरतात.

प्रतिसाद ३
दोन्ही प्रतिसाद अडचण बुद्धीची आहे असे गृहीत धरतात. डच तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या मरणोत्तर, १६७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नीतिशास्त्र’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात एक विधान आहे: भावनेला आवर घालते ती तिच्याहून प्रबळ अशी विरुद्ध भावनाच. नोकरी सोडण्याची भीती असेल तर आणखी पुरावे गोळा करून ती जाणार नाही. पाचव्या भागात तो असेही म्हणतो की भावनेची स्पष्ट कल्पना आली की तिचे आपल्यावर लादलेपण संपते. म्हणून ‘हे खरे आहे का?’ या प्रश्नाआधी ‘मला नेमके कशाचे भय वाटते, आणि ते कोठून आले?’ हा प्रश्न विचारून पाहावा. अर्थात त्यातून नोकरी बदलावी की नाही हे ठरणार नाही. त्यासाठी पगार, काम आणि घरची निकड हेच पाहावे लागेल.