भांडी घासून मन शांत होतं म्हणे!

तिखटमीठ: परवा इथे कुणीतरी अतिविचारावर पाच घरगुती उपाय टाकले. पहाटे उठा, संध्याकाळचा चहा बंद करा, श्वासाकडे लक्ष द्या, रात्री वहीत लिहा आणि 'भांडी मन लावून घासा, प्रत्येक ताट म्हणजे ध्यान'. पहिले चार ऐकून घेतले. पाचव्याला डोकं फिरलं. मी सिंकपाशी उभी राहिले की काय चालतं सांगू? सासूबाईंचा एमआरआय, पोराची फी, आणि नणंद 'तुला काय, घरीच असतेस' म्हणाली तेव्हा मी काय ऐकवायला हवं होतं. कुकरच्या बुडाला डाळ करपलेली, हात चालू, आणि मनातल्या मनात नणंदेला तिसऱ्यांदा सुनावणं चालू. विचार थांबायची नव्हे, दळायची जागा आहे ती! ज्यांना सणासुदीला भांडी घासायची हौस येते, त्यांचं होत असेल ध्यान.

कोथरूडचे_काका: पोस्ट माझीच. निवृत्तीनंतर रात्र रात्र टक्क जागा असायचो. गार पाणी, घासणीचा आवाज, एवढ्याकडेच लक्ष ठेवलं, फरक पडला. न करताच नावं ठेवायची याला काय म्हणावं?

तिखटमीठ: न करताच?? काका, लग्न झाल्यापासून दुसरं काय करतेय मी?

रात्रपाळी: 😂😂 काका, श्वासाचं मान्य. सोडताना जास्त वेळ घेतला की ठोके मंदावतात, नाडीवर बोट ठेवून बघा. पण चहाला हात लावायचा नाही.

कोथरूडचे_काका: कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण ५ तास लागतात. सहाचा चहा अकराला निम्मा अंगात. मग छताकडे बघत बसा.

रात्रपाळी: आमची कामाची वेळच रात्री दहाची. आम्ही काय ताक पिऊन बसायचं?

मुक्काम_नाशिक: मूळ मुद्दा राहिला बाजूला. विचार दाबायला गेलात की उसळून येतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल येतच राहिलं. मी इगतपुरीला विपश्यनेचं १० दिवसांचं शिबिर केलं. मौन, फोन जमा. तिथे विचार थांबवा असं कुणी सांगत नाही, आला तर आला, पुन्हा श्वासावर या.

तिखटमीठ: छान. ते १० दिवस घर कुणी सांभाळलं?

मुक्काम_नाशिक: बायकोने. त्याचा इथे काय संबंध?

तिखटमीठ: काहीच नाही हो. बसा श्वासावर.

मुक्काम_नाशिक: प्रत्येक धाग्यात स्त्री-पुरुष आणलंच पाहिजे का? आमच्या हिने स्वतःहून पाठवलं होतं.

रात्रपाळी: पाठवलं की पिटाळलं?

सांजवात: थट्टा पुरे. मला समुपदेशक बाईंनी 'चिंतेची वेळ' ठरवून दिली होती. संध्याकाळी अर्धा तास, त्याच खुर्चीत, पोटभर चिंता करायची. एरवी विचार आला की कागदावर एक शब्द खरडायचा आणि 'संध्याकाळी बघू' म्हणायचं. संध्याकाळी निम्मे शब्द वाचून हसू यायचं. निम्मे खरे असायचे, त्यांना वहीही पुरत नाही नि भांडीही. झोप, जेवण सुटलं असेल तर उपाय गोळा करत बसू नका. १४४१६ वर फोन करा, टेलि-मानस, सरकारी आहे, फुकट, मराठीतही बोलतात.

तिखटमीठ: हे पटलं. फक्त तो रिकामा अर्धा तास कुठे मिळतो, तेही सांगा.

कोथरूडचे_काका: बरं बाई, पोस्ट दुरुस्त केली आहे: 'भांडी (फक्त पुरुषांनी)'. झालं समाधान? चहाचं कलम मात्र कायम.

रात्रपाळी: निषेध!